मेंढपाळ भूमिमंत्री : सर जॉन मॅकेन्झी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



दरवर्षी या संमेलनात एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्रकथन व्हावे असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. सुभेदार मल्हारराव होळकर आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवी यांची चरित्रे या व्यासपीठावरून आपण अनेकवार ऐकली आहेत, आणि ती कितीही वेळा ऐकली तरी मन तृप्त होत नाही. या वर्षी चालकांनी हे काम आमच्याकडे सोपविले, तेव्हा आम्ही त्यांस एक विनंती केली. समुद्रापलीकडच्या एका मेंढपाळाविषयी आम्हांला बोलू द्यावे, एवढीच ती विनंती होती. काही वडीलधाऱ्यांनी शंका काढली, की परमुलखातील, परधर्माच्या एका गोऱ्या माणसाशी आपल्या धनगर समाजाचा संबंध तो काय? शंका रास्त आहे. रक्ताचा म्हणावा असा कोणताही संबंध नाही. परंतु ज्याने अंगावर पाऊस घेत मेंढरे राखली, ज्याच्या लहानपणी त्याच्या डोळ्यांदेखत गावेच्या गावे उठवली गेली, आणि जो पुढे एका देशाच्या समस्त जमिनीचा मंत्री झाला, त्याची हकीगत चराईबंदीचे आणि कोंडवाड्याचे चटके सोसलेल्या लोकांनी ऐकू नये तर कोणी ऐकावी? त्या हकीगतीत अभिमान वाटावा असे पुष्कळ आहे. मान खाली जावी असेही आहे, आणि ते वगळून बोलण्याचा आमचा मानस नाही.

त्या गृहस्थांचे नाव जॉन मॅकेन्झी. जन्म इ. स. १८३९, स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखातल्या रॉसशायर परगण्यात. वडील कूळ होते, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर खंड भरून शेती करणारे. घरात बोलण्याची भाषा गेलिक. इंग्रजी ही त्या मुलखात सरकारदरबारची आणि शाळेची भाषा, आणि मॅकेन्झींच्या बोलण्यातील गेलिक वळण पुढे मंत्री झाल्यावरही गेले नाही. त्यावरून त्यांची थट्टा करणारे थट्टा करीत, ते बोलत राहत.

त्या डोंगराळ मुलखाची पूर्वपीठिका थोडी सांगितली पाहिजे. त्यावाचून पुढचे काही उमगणार नाही. तेथील समाज कुळीकुळींचा असे. प्रत्येक कुळीचा एक नायक असे, आणि लढाईचा प्रसंग आला म्हणजे कुळीने त्याच्यामागे उभे राहावे व त्याच्या मुलखात आपापली गुरे व थोडकी शेती करून सुखाने नांदावे, असा जुना संकेत होता. जमीन कोणाची, हा प्रश्न कोणी विचारीत नसे. ती कुळीची, असे सारे समजून चालत. १७४६ साली कलोडनच्या रणात त्या कुळींचा पाडाव झाला आणि ती व्यवस्था मोडली. नायकाचे जमीनदार झाले. कागदावर जमीन त्यांची एकट्याची ठरली. मग त्यांच्या ध्यानी आले, की माणसे ठेवण्यापेक्षा मेंढ्या ठेवल्या तर खंड कितीतरी अधिक येतो. दक्षिणेकडील चेव्हिअट टेकड्यांत एक थोराड, भरपूर लोकर देणारी जात होती. तिचे नावच चेव्हिअट. ती मेंढी उत्तरेत आणण्यात आली आणि तिच्यासाठी खोरीच्या खोरी माणसांवाचून रिकामी करण्यात आली.

बंधूंनो, आपण जन्माने मेंढरांचे लोक. मेंढी म्हणजे लक्ष्मी, हे आपल्याला आईच्या दुधातून कळले आहे. खंडोबाचा भंडारा आपण मेंढीच्या कपाळाला लावतो. शेतकरी आपला वाडा रानात बसवून घेतो, खताच्या बदल्यात धान्य देतो, आणि दोघांचेही चालते. अशा आपल्याला हे ऐकणे जड जाते, की एका देशात मेंढरांनी माणसे हाकलली. परंतु दोष मेंढराचा नव्हे हे तेथील लोकांसही कळत होते. त्यांनी मेंढ्या मारल्या नाहीत. १७९२ साली याच रॉसशायरातील शेकडो लोक एकत्र झाले आणि त्यांनी जमीनदारांचे कळप जमवून ते परगण्याबाहेर हाकून देण्यास आरंभ केला. सरकारने फौज पाठवून ते बंद पाडले. ते साल गेलिक भाषेत ‘मेंढरांचे साल’ म्हणून आजही ओळखले जाते.

आता १८४५ सालाकडे येऊ. त्या वर्षीच्या मे महिन्यात ग्लेनकॅल्व्ही नावाच्या खोऱ्यातील कुटुंबांना जमीनदाराच्या कारभाऱ्याने घराबाहेर काढले. त्यांचा खंड थकला नव्हता, हे लंडनच्या ‘टाइम्स’ पत्राच्या बातमीदाराने प्रत्यक्ष जाऊन पाहिले आणि लिहिले. ऐंशी-नव्वद माणसे, त्यांत म्हातारी व तान्ही मुले, जवळच्या क्रॉइक येथील देवळाच्या आवारात, थडग्यांच्या मधोमध, कांबळ्यांचे व फडक्यांचे आडोसे करून राहिली. देवळाच्या आत शिरणे त्यांना अधर्म वाटला असावा. त्यांनी काय केले, तर खिडकीच्या काचेच्या लहान लहान चौकटींवर टोकदार वस्तूने अक्षरे कोरली. आम्ही ग्लेनकॅल्व्हीचे लोक येथे होतो, एवढे नोंदवून ठेवले, आणि स्वतःलाच पापी म्हटले! जणू हे संकट आपल्याच पातकाचे फळ. ज्याने घरातून काढले त्याच्याविषयी त्या काचेवर एक शब्दही वाईट नाही. ती अक्षरे आजही वाचता येतात.

त्या वेळी जॉन मॅकेन्झी पाच-सहा वर्षांचा होता. वडिलांबरोबर जाताना त्याने ती थडग्यांमधली माणसे पाहिली, अशी त्याच्या चरित्रातील हकीगत आहे. एवढे खरे, की मोठेपणी जमिनीविषयी बोलताना ते आपल्या मुलखातील त्या उठवण्यांकडे वारंवार वळत. पन्नाशी उलटलेला, सहा फुटांहून उंच, आडदांड मंत्री भर सभागृहात आपल्या बालपणीच्या उजाड खोऱ्यांविषयी बोलू लागे, तेव्हा विरोधकांनाही ते ऐकावे लागे. आम्हांस वाटते, या माणसाचे राजकारण समजण्यास क्रॉइकचे ते आवार पुरेसे आहे. आणि ते राजकारण कोठे चुकले हे मोजण्यासही तेच आवार उपयोगी पडेल.

१८६० साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, विवाह करून मॅकेन्झी पत्नीसह न्यूझीलंडला निघाले. दक्षिण बेटावरील ओटागो प्रांत ही स्कॉटिश लोकांची वसाहत. तिचे मुख्य ठिकाण डनीडिन, १८४८ साली वसलेले. तेथून उत्तरेस पामर्स्टन नावाचे गाव, शॅग नदीचे खोरे, आणि त्या खोऱ्यात पुकेतापू नावाचे मोठे मेंढरांचे ठाणे होते. तेथे मॅकेन्झी मेंढपाळ म्हणून लागले. पुढच्याच वर्षी ओटागोत सोने सापडले आणि हजारो माणसे खाणींकडे धावली. मॅकेन्झी मेंढरांपाशी राहिले. लवकरच त्या ठाण्याचा कारभार त्यांच्याकडे आला, आणि काही वर्षांनी त्याच खोऱ्यात त्यांनी स्वतःची जमीन केली.

त्या मुलखातील मेंढपाळी आपल्याहून निराळी. वर्षातून शेकडो मैल कळप चालवीत नेणे तेथे नाही. आपल्यासारखे दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जाणे आणि पावसाळ्याच्या तोंडी परत फिरणे तेथे नाही. हजारो एकरांचे गवताळ डोंगर एकाच धन्याच्या भोगवट्यात, आणि त्याच्या हद्दीवर एकटा मेंढपाळ, एक झोपडे, दोन-तीन कुत्री. कुत्र्याला शिटीने इशारा द्यावा आणि त्याने समोरच्या डोंगरावरची मेंढरे वळवून आणावी, ही कला स्कॉटलंडच्या मेंढपाळांनी तिकडे नेली. लोकर कातरण्याच्या हंगामात साऱ्या डोंगरांवरून कळप गोळा करायचे, कातरायचे, आणि गठ्ठे बैलांच्या गाड्यांतून बंदराकडे धाडायचे. थंडीत बर्फ पडून कळपच्या कळप गाडले जात. मॅकेन्झींनी ही सारी कामे हाताने केली होती, आणि याची नोंद आम्ही मुद्दाम करीत आहोत. जमिनीवर कायदे करणारे पुष्कळ असतात. गाभण मेंढी रात्री अडली तर काय करावे हे ठाऊक असलेला भूमिमंत्री विरळा.

सार्वजनिक कामाचा आरंभ त्यांनी लहानसहान कामांपासून केला. गावच्या रस्त्यांच्या मंडळाचे चिटणीसपद, शाळेच्या समितीचे काम, असे करीत करीत ते १८७१ साली ओटागोच्या प्रांतिक मंडळात गेले, आणि १८८१ साली देशाच्या लोकसभेत. आपल्यातील जी तरुण मंडळी एकदम विधानसभेची स्वप्ने पाहतात, त्यांनी हा क्रम पाहावा, असे सुचविण्याचा मोह आम्हांला आवरत नाही. दहा वर्षे त्यांनी सभागृहात बाकावर बसून काढली, पक्षाचे प्रतोदपद सांभाळले, आणि एकच विषय धरून ठेवला : जमीन.

तो विषय असा होता. नव्या देशातील उत्तम जमीन थोड्याशा बड्या मेंढरमालकांनी बळकावली होती. सरकारने लहान शेतकऱ्यांसाठी म्हणून तुकडे विकावयास काढले, की हे मालक आपल्या नोकरांच्या, नातलगांच्या, कधी पैसे देऊन आणलेल्या वाटसरूंच्या नावाने ते विकत घेत. नाव एकाचे, जमीन दुसऱ्याची. बेनामी हा प्रकार आपल्याकडे कोणास समजावून सांगावा लागत नाही. ओटागोतील या बेनामी व्यवहारांविरुद्ध मॅकेन्झींनी अनेक वर्षे आवाज उठविला आणि बड्या लोकांचे वैर घेतले. जो मुलूख माणसांनी भरावा म्हणून आपण सात समुद्र ओलांडून आलो, तेथेही दहा-वीस मैलांत एक वाडा आणि बाकी मेंढ्या, हे त्यांना सहन होईना. त्यांच्या बालपणीचे रॉसशायर ते पुन्हा पाहत होते.

याच सुमारास एक नवी गोष्ट घडली, आणि तिच्यावाचून मॅकेन्झींचे पुढचे कार्य पार पडते ना. मेंढीचे मोल तोवर लोकरीत होते. मांसाला गिऱ्हाईक नव्हते, कारण ते इंग्लंडला पोचेपर्यंत टिकणार कसे? १५ फेब्रुवारी १८८२ रोजी ‘डनीडिन’ नावाचे शिडाचे जहाज पोर्ट चामर्स बंदरातून निघाले. त्यात बर्फाच्या यंत्राने गोठविलेले सुमारे पाच हजार पशूंचे मांस होते, बहुतेक मेंढरांचे. त्यांतील बहुतांश मेंढ्या मॅकेन्झींच्या खोऱ्यापासून फारशा दूर नसलेल्या टोटारा या ठिकाणी कापल्या होत्या. मे महिन्यात ते मांस लंडनला चांगल्या स्थितीत उतरले. त्या दिवसापासून लहान शेतकऱ्याला मेंढीवर व दुभत्यावर पोट भरणे शक्य झाले. लोकरीला हजारो एकर लागतात. कोकराच्या मांसाला आणि लोण्याला काही शे एकर पुरतात. यंत्राने पोट भरण्याची वाट करून दिली. जमीन मिळवून देणे हे राजकारणाचे काम राहिले.

जानेवारी १८९१ मध्ये जॉन बॅलन्स यांचे उदारमतवादी मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि जॉन मॅकेन्झी जमीन व शेती या खात्यांचे मंत्री झाले. १८९३ साली बॅलन्स वारले, रिचर्ड सेडन मुख्य झाले. मॅकेन्झी १९०० सालापर्यंत आपल्या जागी होते. (याच मंत्रिमंडळाच्या कारकिर्दीत, १८९३ साली, न्यूझीलंडच्या स्त्रियांना मताधिकार मिळाला. समोर बसलेल्या भगिनींसाठी हे सांगून ठेवतो.)

१८९२ च्या जमीन-कायद्याने त्यांनी नियम घातला, की सरकारी जमीन घेणाऱ्यास उत्तम प्रतीची असेल तर ६४० एकर आणि दुय्यम असेल तर २,००० एकर, याहून अधिक मिळणार नाही. रोख विकत घेण्याची, वहिवाट करता करता विकत घेण्याची, किंवा खंडाने घेण्याची मोकळीक ठेवली. यांतील खंडाचा प्रकार मोठा नवलाचा. मुदत ९९९ वर्षे! खंड जमिनीच्या मूळ किमतीवर शेकडा चार, आणि तो पुन्हा वाढवायचा नाही. जमीन सरकारची राहील, म्हणजे सावकार ती गिळू शकणार नाही. आणि कुळाला हजार वर्षे कोणी उठवू शकणार नाही. अर्थशास्त्री लोक या कलमाला हसले, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. जमिनीचे मोल वाढत गेले आणि सरकारला मात्र जुनाच खंड मिळत राहिला. १९०७ साली असे नवे खंडपट्टे देणे बंद झाले. परंतु ज्याने मुदत संपलेल्या कुळांना थडग्यांमध्ये पाहिले, त्याने नऊशे नव्व्याण्णव हा आकडा का लिहिला, हे आम्हांस सहज समजते.

सरकारी जमीन पुरेशी नव्हती. उत्तम जमीन आधीच खाजगी मालकीची होती. ती परत कशी घ्यावी? येथे चेव्हिअटची हकीगत येते. दक्षिण बेटावरील कँटरबरी प्रांतात चेव्हिअट हिल्स नावाची ८४,००० एकरांहून मोठी जहागीर होती. तिचा मालक विल्यम रॉबिन्सन. जमिनीची किंमत रोख मोजतो म्हणून लोक त्यास ‘रोकड’ रॉबिन्सन म्हणत. तो १८८९ साली वारला. १८९१ साली मोठ्या जमिनीवर नवा कर बसला, तेव्हा विश्वस्तांनी कुरकुर केली, की सरकारने जहागिरीची किंमत फार धरली आहे. कायद्यात कलम होते : किंमत मान्य नसेल तर मालक म्हणतो ती किंमत सरकारने मान्य करावी, किंवा त्याच किमतीस ती जमीन विकत घ्यावी. विश्वस्तांस वाटले, एवढी रक्कम सरकार कोठून आणणार! मॅकेन्झींनी आग्रह धरला, आणि १८९३ साली सुमारे २ लाख ६० हजार पौंड मोजून सरकारने ती सबंध जहागीर विकत घेतली. रस्ते आखले, तुकडे पाडले, चिठ्ठ्या टाकून शेतकऱ्यांना वाटले. मधोमध गाव वसले. त्या गावास प्रथम मॅकेन्झी हेच नाव दिले होते. पुढे ते चेव्हिअट झाले.

नावाचा हा योगायोग पाहा. ज्या मेंढीसाठी रॉसशायरची माणसे उठली तिचे नाव चेव्हिअट, आणि रॉसशायरच्या मुलाने फोडून माणसांनी भरलेली पहिली मोठी जहागीर तीही चेव्हिअट. मॅकेन्झींनी मेंढ्या हाकलल्या नाहीत. त्या तुकड्यांवर घरेही झाली, शाळाही झाली, आणि मेंढ्याही चरत राहिल्या. मेंढी आणि माणूस एका रानात नांदू शकतात हे तर आपल्या वाडवडिलांना केव्हाच ठाऊक होते.

१८९४ च्या कायद्याने मालक राजी नसला तरी योग्य भरपाई देऊन जहागीर घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. पुढील वीस वर्षांत अशा रीतीने दहा लाखांहून अधिक एकर जमीन लहान शेतकऱ्यांच्या हाती गेली. त्याच वर्षी जोसेफ वॉर्ड या मंत्र्यांनी शेतकऱ्यांना सरकारी तिजोरीतून अल्प व्याजाने कर्ज देण्याची व्यवस्था केली. शेती खाते १८९२ साली स्थापन झाले होते. दुधाच्या कारखान्यांची तपासणी, गुरांचे डॉक्टर, मेंढरांच्या रोगांचा बंदोबस्त, ही कामे त्या खात्याने हाती घेतली. मेंढरांची खरूज त्या देशातून याच सुमारास समूळ नाहीशी झाली. बुडवण्याचे औषध आणि सक्तीची तपासणी यांनी हे घडले, आणि त्यात मेंढपाळांना दंडही पुष्कळ भरावे लागले. आपल्याकडे मेंढरांवर रोग पडला म्हणजे वाड्यावाड्यावर काय हाल होतात ते या सभेतील निम्म्या लोकांनी स्वतः भोगले आहे. त्यावर आम्ही अधिक बोलत नाही.

येथवर चरित्र ऐकून आपण टाळ्या वाजविल्यात, आणि आम्हीही वाजविल्या असत्या. आता दुसरी बाजू.

न्यूझीलंड ही रिकामी भूमी नव्हती. तेथे मावरी लोक शतकानुशतके राहत होते. १८४० साली वाइतांगी येथे इंग्रज राणीच्या प्रतिनिधीने त्यांच्या नायकांशी तह केला आणि त्यांच्या जमिनी त्यांच्याच राहतील अशी ग्वाही दिली. आठच वर्षांनी, १८४८ साली, दक्षिण बेटावरील सुमारे २ कोटी एकर जमीन नगाई ताहू जमातीकडून फक्त २,००० पौंडांस घेण्यात आली. पुरेशा राखीव जमिनी देण्याचे जे वचन दिले, ते पाळले नाही. शॅग नदीचे खोरे त्याच खरेदीतले. मावरी लोक त्यास वाइहेमो म्हणतात. ज्या डोंगरावर तरुण मॅकेन्झी मेंढरे राखीत होते, तो असा आलेला डोंगर होता.

१८७७ साली ते माइहारोआ नावाच्या मावरी साधुपुरुषाने आपल्या दीड-एकशे लोकांसह वाइताकी नदीच्या काठाकाठाने वर जाऊन ओमारामा येथे वस्ती केली. ही अंतर्भागातील भूमी आम्ही विकलेलीच नाही, असे त्याचे म्हणणे होते. तेथील मेंढरमालकांनी तक्रारी केल्या. १८७९ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, सशस्त्र पोलीस गेले आणि त्या लोकांना उठवून नदीकाठाने समुद्राकडे परत पाठविले. म्हातारे आणि मुले त्या थंडीत चालत गेली. १८९३ साली मॅकेन्झी ज्या मतदारसंघातून निवडून आले, त्याचे नाव वाइताकी.

हे सारे त्यांच्या मंत्रिपदापूर्वीचे आहे आणि त्याचा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु त्यांच्या हाती सत्ता आल्यावर काय झाले? लहान शेतकऱ्यांना द्यायला जमीन हवी होती. जहागिरी फोडणे खर्चाचे आणि भांडणाचे काम. उत्तर बेटावर मावरी लोकांच्या मालकीची जमीन अजून पुष्कळ उरली होती. न्यायालयाने ती जमातीच्या सामाईक मालकीतून काढून एकेकाच्या नावे हिस्से पाडले होते. त्यामुळे एकेका हिस्सेदाराला गाठून, त्याच्या कर्जाचा वा अडचणीचा फायदा घेऊन, हिस्सा विकत घेता येई. सामाईक जमीन अशी तुकड्या-तुकड्याने कशी गळते हे भाऊबंदकीने पोळलेल्या आपल्या घरांना सांगणे नलगे. १८९४ च्या कायद्याने मावरी जमीन विकत घेण्याचा अधिकार पुन्हा सरकारलाच राहिला. गिऱ्हाईक एकच उरल्यावर भाव कोण ठरविणार? रॉबिन्सनच्या विश्वस्तांना एकरी तीन पौंडांवर किंमत मिळाली. मावरी मालकांचे व्यवहार शिलिंगांच्या हिशेबाने झाले. दोन्हीकडची जमीन एका प्रतीची नव्हती हे खरे. तरीही एवढी तफावत प्रतीने उलगडत नाही. १८९१ ते १९११ या उदारमतवादी कारकिर्दीत सुमारे ३१ लाख एकर मावरी जमीन सरकारने घेतली. त्यातील मोठा भाग मॅकेन्झी भूमिमंत्री असतानाचा. १८९६ च्या शिरगणतीत मावरी लोक जेमतेम ४२ हजार भरले होते, आणि हे लोक आता नामशेष होणार असे गोरे उघड बोलत असत.

ते लोक गप्प बसले नव्हते. १८९२ साली वाइपातू येथे त्यांनी आपली स्वतःची लोकसभा भरविली. १८९३ साली निवडून आलेले तरुण मावरी सभासद होने हेके यांनी, आमच्या जमिनीचा कारभार आमच्या हाती द्या, अशा अर्थाचे विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. मॅकेन्झींचे या विषयावरील मत सरळ होते. पडीक जमीन पिकली पाहिजे, मग तिचा मालक लंडनमध्ये बसलेला लॉर्ड असो, रोकड रॉबिन्सन असो, की मावरी असो. तिघांनाही त्यांनी एकाच मापाने ‘बडे जमीनदार’ मोजले. येथे त्यांची दृष्टी चुकली, असे आमचे स्पष्ट मत आहे. कुळीची सामाईक भूमी म्हणजे काय, ती कागदाने कशी जाते, आणि गेल्यावर माणसे कोठे जातात, हे ज्याला गेलिक आईबापांच्या पोटी जन्मून ठाऊक होते, त्याला वाइहेमोच्या काठी ते दिसू नये!

का दिसले नाही, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. ते दुष्ट नव्हते. लाच खाल्ल्याचा आरोप त्यांच्या वैऱ्यांनाही चिकटविता आला नाही. आम्हांला एवढेच सुचते, की त्यांना आपले दुःख ठाऊक होते आणि त्यामुळे दुःख म्हणजे काय ते सारेच ठाऊक आहे असे त्यांना वाटू लागले. हे आम्ही दूरदेशीच्या माणसाविषयी बोलत असलो तरी आमच्या मनात आपल्याच गावचे एक गायरान आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतः त्या गायरानावरील चराईचा हक्क मिळावा म्हणून खटपट करीत होतो. अर्ज झाले, मोजणी झाली. त्या वेळी गायरानाच्या एका कडेला दहा-बारा पालांची एक भटकी वस्ती होती. आपल्या अर्जात आम्ही त्यांचा उल्लेख ‘अतिक्रमण’ असा केला. हस्ताक्षर आमचेच. पुढे ती वस्ती हलली. कोठे गेली याची आम्ही चौकशी केली नाही. क्रॉइकच्या काचेविषयी वाचताना तो अर्ज आम्हांला आठवला, आणि हे व्याख्यान या विषयावर द्यावे असे त्या रात्री ठरले. ज्या बांधवांनी त्या अर्जावर सह्या केल्या त्यांपैकी काही या सभेत आहेत. त्यांना आम्ही दोष देत नाही. मसुदा आमचा होता.

मावरी जमिनीच्या खरेदीला पुढे आळा बसला. मावरी मातेच्या पोटी जन्मलेले जेम्स कॅरल १८९९ साली त्या खात्याचे मंत्री झाले आणि ‘ताइहोआ’, म्हणजे ‘थोडे थांबा’, हे त्यांच्या धोरणाचे नावच पडले. त्यांच्यानंतर आपिराना नगाता यांनी मावरी लोकांच्या सामाईक जमिनीवर त्यांचेच मेंढपाळीचे संघ उभारले. ईशान्य किनाऱ्यावर नगाती पोरोउ जमातीने तो धंदा यशस्वी करून दाखविला. १९७५ साली वाइतांगी न्यायाधिकरण स्थापन झाले, १९८५ साली १८४० पासूनच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार त्यास मिळाला, आणि १९९८ साली राज्याने नगाई ताहू जमातीची क्षमा मागून १७ कोटी डॉलरची भरपाई दिली. दीडशे वर्षे ते लोक एकच अर्ज पिढ्यान्‌पिढ्या करीत आले होते. ही चिकाटीही आपण पाहून ठेवावी.

मॅकेन्झींचा शेवट सांगून आटोपते घेतो. दुखण्याने शरीर पोखरले होते. १९०० साली त्यांनी मंत्रिपद सोडले आणि शॅगच्या खोऱ्यातील आपल्या शेतावर ते परतले. १९०१ च्या जूनमध्ये राजपुत्र, म्हणजे पुढे पाचवे जॉर्ज झाले ते, त्या देशाच्या दौऱ्यावर असताना आगगाडीच्या डब्यातच त्यांना ‘सर’ ही पदवी देण्यात आली. दरबारात जाण्याची शक्ती त्यांच्यात उरली नव्हती. त्याच वर्षी ६ ऑगस्ट रोजी ते वारले. लोकांनी त्यांच्या स्मरणार्थ डोंगरमाथ्यावर दगडांचा उंच मनोरा रचला, जसा स्कॉटलंडात रचतात. तो काही वर्षांनी ढासळला. १९२९ साली दुसरा बांधला, तो पामर्स्टनजवळच्या पुकेतापूच्या माथ्यावर, त्यांनी प्रथम मेंढरे राखली त्याच परिसरात. तो आजही उभा आहे आणि खालच्या सडकेवरून दुरून दिसतो. पुकेतापू हा शब्द मावरी भाषेतला. त्याचा अर्थ पवित्र डोंगर.

उशीर झाला आहे आणि महाप्रसादाची पाने मांडली गेली असे स्वयंसेवक खुणावीत आहेत.  त्या गायरानाच्या कागदांची नक्कल आम्ही सोबत आणली आहे. उद्या सकाळी कार्यकारिणीच्या बैठकीपुढे ती ठेवण्याची परवानगी अध्यक्षांनी द्यावी, अशी विनंती करून आम्ही खाली बसतो.